जाणत्या हातांची मालिश

सकाळचे नऊ वाजत आले की गल्लीतल्या एखाद्या घरातून ओवा आणि बाळंतशेपाच्या धुरीचा वास येतो. पाठोपाठ तान्ह्या बाळाचं टाहो फोडून रडणं ऐकू येतं. थोड्या वेळानं ते रडणं थांबतं आणि घर एकदम शांत होतं. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव... आमच्या भागातल्या कुठल्याही गावात वाढलेल्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्या घरात बाळंतीण आहे आणि मालिशवाल्या मावशी येऊन गेल्या आहेत!

मैत्रिणींनो, तुमच्याही बाळंतपणात अशा कुणी मावशी आल्या असतीलच. कुणाकडे त्या सुईण म्हणून आल्या असतील, कुणाकडे ‘बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाई’ म्हणून. आपण त्यांना सव्वा महिन्याचे पैसे दिले, साडी नेसवली, ओटी भरली आणि पुढे विसरूनही गेलो. आज जरा त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या हातातल्या विद्येबद्दल बोलू या. कारण ही विद्या हळूहळू आपल्या डोळ्यांदेखत कमी होते आहे. आणि तिच्यातलं ठेवायचं काय, सोडायचं काय, हे आपल्यालाच ठरवायचं आहे.

शिवनेरीवर गेलं की शिवजन्माच्या जागी आपण डोकं टेकवतो. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. मी तिथं उभी राहिले की माझ्या मनात मात्र दरवेळी एक वेगळाच विचार येतो. फेब्रुवारीतली गडावरची थंडी आणि नुकत्याच बाळंत झालेल्या जिजाऊ. त्यांच्या कमरेला तेल लावणारी, बाळराजांना पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी कुणीतरी बाई असणारच ना? तिचं नाव आपल्याला कुणी शिकवलं नाही. सुईणींचं, मालिशवालीचं नाव लक्षात ठेवायची आपल्याकडे रीतच नाही.

पाण्याखालचं माहेर, हातातली विद्या

माझ्या दोन्ही बाळंतपणांत माहेरी ज्या मावशी यायच्या, त्यांचं स्वतःचं माहेर जुनं आंबेगाव. तालुक्याला नाव दिलेलं हे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. मावशी म्हणायच्या, “माझं घर गेलं, अंगण गेलं, आईची चूल गेली. पण आईनं हातात दिलेलं काय बुडालं न्हाई बघ.” त्यांची आई सुईण होती. आई बाळंतिणीकडे निघाली की दहा-बारा वर्षांची ही पोर तेलाची वाटी धरून मागे मागे जायची. आधी नुसतं बघायचं, मग पाय चोळायचे, मग पाठ, आणि बाळाला हात लावायची परवानगी सगळ्यात शेवटी. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलं नाही, पण हे शिक्षण मात्र चांगलं सात-आठ वर्षांचं झालं होतं!

मावशी आल्या की पहिल्यांदा हातातल्या बांगड्या काढून पदराच्या गाठीला बांधायच्या. नखं कापलेली आहेत ना ते बघायच्या, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायच्या. तेलाची वाटी थेट चुलीवर कधी ठेवली नाही. गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट करायच्या आणि आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायच्या. हिवाळ्यात तिळाचं तेल, उन्हाळ्यात खोबरेल. “म्हागाचं कशाला पायजे? घाण्याचं चांगलं तेल आणि दमानं चालणारा हात, बास झालं.”

सुरुवात तळपायापासून. मग पोटऱ्या, मांड्या, कंबर, पाठ, खांदे, हात आणि शेवटी डोकं. कमरेवर आल्या की त्यांचा हात आपोआप थांबायचा. “हितं सगळं ओझं बसलंय बघ पोरी, नऊ महिन्याचं.” आणि खरंच, नेमकं जिथं दुखत असायचं तिथंच त्यांचा अंगठा पोचलेला असायचा. मग न्हाणीत पाटावर बसवून घंगाळातलं कढत पाणी तांब्यातांब्यानं पाठीवर सोडायचं, पोटाला जुन्या मऊ लुगड्याचा पट्टा बांधायचा, की बाळंतीण अंथरुणावर पडल्या पडल्या झोपलीच पाहिजे. झोपताना मावशींचा आवाज कानावर यायचा, “तिला कुणी उठवू नका गं. बाळ मी बघते.”

या मालिशीनं नेमकं होतं काय?

‘अंगातला वारा निघतो’, ‘हाडं जागेवर बसतात’, असं आपल्या आज्या सांगायच्या. शब्द त्यांचे, अनुभव खरा. आजच्या भाषेत सांगायचं तर असं, की गरोदरपणात बाईच्या कमरेचे आणि ओटीपोटाचे सांधे सैल झालेले असतात, पाठीच्या स्नायूंनी महिनोन् महिने वाढतं वजन पेललेलं असतं. त्यातच बाळंतपणानंतर तासन् तास वाकून दूध पाजणं सुरू होतं. मान आखडते, खांदे दगडासारखे होतात. कोमट तेलाच्या संथ हातानं हे आखडलेले स्नायू सैल पडतात, वेदना कमी होते, झोप लागते. मालिशीनं हाड सरकत नाही आणि परत जागेवर बसतही नाही. पण स्नायू सैल पडले की बाईला जे हलकं वाटतं, ते काही थोडं नाही.

आणखी एक गोष्ट होते. ती कुठल्या काढ्यात मिळत नाही. दिवसाचा तास-दीड तास कुणीतरी फक्त त्या बाईकडे लक्ष देतं. बाळ झालं की सगळं घर बाळाभोवती गोळा होतं. पाहुणे येतात ते बाळाला बघायला. नाक कुणासारखं, रंग कुणासारखा याची चर्चा होते. आई मात्र कोपऱ्यात टोपरं बांधून बसलेली असते. तिला ‘तुझं काय दुखतंय गं?’ असं विचारणारी घरात बऱ्याचदा एकच बाई असते, ती म्हणजे मालिशवाली.

माझी पहिली मुलगी झाली तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशी मला उगाचच रडू यायला लागलं. कारण विचाराल तर काही नाही. आईला सांगायची लाज वाटत होती. मावशींनी डोक्याला तेल घालता घालता ओळखलं. म्हणाल्या, “रड गं, लाजू नको. ह्या दिसात सगळ्याच रडत्यात. पण दोन हप्त्यानं बी रडू थांबलं न्हाई, बाळाला घ्यावंसं वाटंना झालं, तर मला सांग. मग आईला सांगून डाक्टरकडं जायचं.” आज बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दल डॉक्टर अगदी हेच सांगतात. पहिल्या काही दिवसांतलं रडू आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मावशींनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं. शेकडो बायकांच्या डोक्याला तेल घालताना त्यांना ते कळलं होतं.

पायांवरचं बाळ सातासमुद्रापार

जमिनीवर पाय लांब करून, दोन्ही पायांच्या मधल्या खोलगट जागेत बाळाला निजवायचं आणि तेल लावायचं, ही आपली रीत. आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. पण फ्रान्समधले एक बाळंतपणाचे डॉक्टर, फ्रेडरिक लबॉये, भारतात आले असताना त्यांनी कोलकात्यात शांतला नावाच्या एका आईला असंच बाळाला तेल लावताना पाहिलं. ते इतके भारावले, की त्यांनी फोटोंसकट त्यावर पुस्तकच लिहिलं. १९७६ मध्ये आलेल्या त्या पुस्तकाला त्यांनी त्या आईचंच नाव दिलं, ‘शांतला’. पुढे युरोप-अमेरिकेतल्या आया ही मालिश शिकायला लागल्या. आपल्याकडे पोरगी आजीला बघून फुकट शिकते ते!

आपल्या मुंबईतही यावर अभ्यास झाला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नवजात बाळांना खोबरेल तेलाची मालिश करून पाहिली आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या ज्या बाळांना खोबरेल लावलं, त्यांचं वजन खनिज तेल लावलेल्या बाळांपेक्षा जास्त वेगानं वाढलं. बाजारात ‘बेबी ऑइल’ म्हणून मिळणाऱ्या कितीतरी रंगीत बाटल्यांत खनिज तेलच असतं, हे इथं लक्षात घ्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणानंतरच्या काळजीबद्दल ज्या सूचना दिल्या, त्यातही दिवस भरलेल्या, निरोगी बाळाला हलक्या हातानं सर्वांगाला मालिश करायला हरकत नाही, बाळाच्या वाढीला त्याचा उपयोग होऊ शकतो, असं म्हटलं आहे. ‘हलक्या हातानं’ हे शब्द मात्र महत्त्वाचे. आपल्याकडे ‘चांगलं रगडलं की बाळ घट्ट होतं’ असा समज आहे. बाळ काही कणीक नाही, हो!

त्या दिवशी मावशींनी हात मागे घेतला

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला बसले, ते सांगते.

दुसरं बाळंतपण माझं सिझेरियननं झालं. दहावा दिवस असेल. सकाळपासून डावी पोटरी ठणकत होती. मला वाटलं, पडून पडून आखडली असेल, नाहीतर पेटका आला असेल. मावशी येईपर्यंत कशीबशी कळ काढली. त्या आल्या तशी म्हटलं, “मावशी, आज आधी ही डावी पोटरी चांगली जोर लावून चोळा. फार दुखतीये.”

मावशींनी साडी वर करून पाय बघितला. मग उजवा बघितला. परत डाव्यावर नुसता तळहात ठेवला, तेल न लावता. डावी पोटरी सुजलेली होती, लालसर होती आणि हाताला गरम लागत होती. मावशींनी वाटी बाजूला सारली.

“ह्याला मी हात लावणार न्हाई,” त्या म्हणाल्या.

आईला राग आला. “अगं, पोरगी कळवळतीये आणि तू नाही काय म्हणतेस? तुझं कामच आहे ना ते?”

“वैनी, काम हाय म्हनूनच सांगते. एकच पाय सुजलाय, तापलाय. ह्यो आखडलेला पाय न्हाई. गाडी बोलवा.”

घरात थोडी कुरबुर झाली. दहा दिवसांच्या बाळंतिणीला घराबाहेर काढायचं म्हणजे काय! पण मावशी हटल्या नाहीत. शेवटी भावानं गाडी आणली. दवाखान्यात पायाची सोनोग्राफी झाली आणि निदान निघालं, पायाच्या खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “हा पाय कुणी चोळला तर नाही ना?” नाही म्हटल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. अशी गुठळी चोळण्यानं सुटून रक्तातून फुप्फुसात जाऊ शकते आणि जिवावर बेतू शकतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त असतो. सिझेरियन झालेलं असेल तर आणखी. मला रक्त पातळ करणारी इंजेक्शनं आणि नंतर गोळ्या सुरू झाल्या. बाळाला दूध पाजणंही थांबवावं लागलं नाही. काही महिन्यांनी मी पूर्ण बरी झाले. तेव्हा पाळण्यात असलेली ती धाकटी आता बारावीला आहे.

मी मावशींना नंतर विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?” त्या म्हणाल्या, त्यांच्या आईनं एक गोष्ट पक्की सांगून ठेवली होती. दोन्ही पाय दुखले तर चोळ. एकच पाय सुजला, तापला तर चोळू नको. त्यांच्या आईच्या काळात अशी एक बाळंतीण गेली होती म्हणे. का गेली ते कुणाला कळलं नव्हतं, पण ती सूज त्या बाईच्या लक्षात राहिली आणि तिनं ती लेकीला सांगून ठेवली.

म्हणून मी म्हणते, चांगली मालिशवाली ओळखायची तर ती किती जोर लावते हे बघू नका. ती कुठं थांबते हे बघा. वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदया’त रोज अंगाला तेल लावावं, विशेषतः डोकं, कान आणि तळपाय यांना, असं सांगितलं आहे. पण त्याच ठिकाणी कुणी लावू नये हेही सांगितलं आहे. अजीर्ण झालेल्यानं नाही, कफाचा विकार असलेल्यानं नाही, नुकतंच पोट साफ करणारं शोधन झालेल्यानं नाही. म्हणजे ज्यांनी तेलाची थोरवी सांगितली, त्यांनीच त्याची मर्यादाही सांगितली. मर्यादा सांगणारा माणूस मालिशीचा शत्रू नव्हे, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

काय सोडायला हवं

प्रेमापोटी आपण काही जुन्या गोष्टी अजून धरून बसलो आहोत. त्यांचं स्पष्टच बोलते. बाळाच्या नाकात, कानात तेल घालणं बंद करा; नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. तान्ह्या बाळाची छाती पिळून ‘दूध काढणं’ हा तर नुसता छळ आहे, त्यातून पू होतो. बाळाला पाय धरून उलटं करणं, हवेत झुलवणं, डोकं दाबून गोल करणं, नाक ओढून सरळ करणं यातलं काहीही नको. टाळूवर तेल लावा, पण दाबू नका. जन्मल्यावर पहिले चोवीस तास तरी अंघोळ नको. काजळ नको.

धुरीचा वास मलाही आवडतो. तो आला की मला माझी आजी आठवते. पण बंद खोलीत गोवऱ्यांची नाहीतर कोळशाची शेगडी ठेवून शेक-धुरी करणं धोक्याचं आहे. तो धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही आणि बंद खोलीत कोळशाच्या विषारी वायूनं माणसं दगावतात. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या, खिडकी उघडी ठेवा.

आपल्या पश्चिम पट्ट्यातला बाळहिरडा प्रसिद्ध. आदिवासी भगिनी उन्हातान्हात तो गोळा करतात. सहाणेवर उगाळून तो बाळगुटीत जायचा. हिरड्याची किंमत मला ठाऊक आहे, पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको, पाणीसुद्धा नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तेव्हा गुटी नको. हिरडा मोठ्यांसाठी राहू द्या.

मोठ्यांच्या दुखण्यांतही तेच. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायचा, ही गंमत मीही लहानपणी पाहिली आहे. साध्या आखडण्यात चार दिवसांनी बरं वाटायचंच असतं, मग श्रेय पायाळूला! पण ‘बेंबी सरकली’ म्हणून दुखरं पोट चोळू नका. उजव्या बाजूला खाली दुखत असेल, ताप-उलट्या असतील, तर ते अपेंडिक्स असू शकतं. हाड मोडल्याची शंका असेल तर हाडवैद्याच्या आधी एक्स-रे. काशाच्या वाटीनं तूप लावून तळपाय घासा, झोप छान लागते. पण वाटीखाली येणारा काळा थर म्हणजे अंगातली उष्णता नव्हे. तो तेलातुपाचा, घामाचा आणि वाटीच्या धातूचा मिळून झालेला मळ आहे.

मालिश कुणाच्या वाट्याला?

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मनाला खाते. तेल, कढत पाणी आणि सव्वा महिन्याची विश्रांती, हे सुख सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. भीमाशंकरच्या बाजूला, नाणेघाटाच्या अलीकडच्या वाड्यांवर, महादेव कोळी आणि ठाकर समाजातल्या बायका पाहा. आषाढात भातलावणी आली की चिखलात वाकून दिवसभर रोपं लावायची. त्यात कुणी नुकती बाळंत झालेली असली तरी घरातले हात मोजकेच असतात. ज्या बाईच्या कमरेला तेलाची सगळ्यात जास्त गरज, तीच लवकरात लवकर उठून कामाला लागते. नारायणगावच्या टोमॅटोच्या शेतात, जुन्नरच्या द्राक्षबागेत, कांद्याच्या खुरपणीला जाणाऱ्या बायकांचंही तेच. त्यांना कंबरदुखी आहे का विचारा, त्या हसतात. ‘ती काय आजची हाय का?’ म्हणतात.

मला वाटतं, मालिशीतलं खरं औषध निम्मं तेलात आहे आणि निम्मं सुट्टीत. सासूबाईंनी, नवऱ्यानं बाळंतिणीला महिनाभर जड काम लावलं नाही, पाण्याची कळशी उचलू दिली नाही, तर ती निम्मी मालिश घरातच झाली म्हणायची. आणि जिला मावशी परवडत नाहीत, तिच्या पाठीला नवऱ्यानं चार मिनिटं तेल लावलं म्हणून त्याची काही इभ्रत जात नाही. उलट झाला तर फायदाच होईल. कंबर कुठं दुखते हे त्याला हातानं कळेल!

त्या मावशी उद्या कुठून येणार?

पूर्वी सुईण बाळंतपण करायची आणि मालिशही करायची. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, बायका दवाखान्यात बाळंत व्हायला लागल्या. ते चांगलंच झालं, कितीतरी आया आणि बाळं वाचली. सुईणीच्या हातातलं बाळंतपणाचं काम गेलं, मालिशीचं उरलं. आता तेही कमी होतंय. मावशींच्या सुनेनं हे काम नाही धरलं. मी विचारलं तर म्हणाली, “ताई, राबायचं तर राबते, पण लोक ‘मालिशवाली’ असं म्हणतात ना, ते नको वाटतं.” तिचं काय चुकलं? पुण्या-मुंबईत याच कामाला ‘थेरपी’ म्हणतात. गणवेश घालून, मेणबत्ती लावून तासाचे हजारांत पैसे घेतात आणि तिथं जाणारे ते मुकाट देतात. इथं मात्र मावशींनी शंभर रुपये वाढवून मागितले की ‘तेल तर आमचंच आहे!’ असं ऐकवतो. तेल आपलं असेल हो, पण चाळीस वर्षांची जाण त्यांची आहे.

तरुण मुलींनी हे काम शिकावं, त्याला आशाताईंच्या, नर्सताईंच्या माहितीची जोड मिळावी, धोक्याची लक्षणं त्यांना नीट समजावीत, असं मनापासून वाटतं. मालिशवाली रोज तासभर बाळंतिणीजवळ असते. ताप, वास येणारा स्राव, जास्त रक्त जाणं, बाळ दूध न ओढणं, हे तिला इतर कुणाहीआधी दिसतं. ती जाणती असेल तर दोन जीव वाचतात. माझा वाचला.

मागच्या महिन्यात मावशींना भेटायला गेले होते. आता त्या कामाला जात नाहीत. जन्मभर दुसऱ्यांची अंगं चोळून त्यांच्या बोटांचे सांधे सुजले आहेत, मूठ नीट मिटत नाही. चहा झाल्यावर मी घरातून तेलाची वाटी मागितली, गरम पाण्यात ठेवून कोमट केली आणि त्यांचा हात माझ्या मांडीवर घेतला. आधी त्या लाजल्या. “आगं, तू कशाला?” म्हणाल्या. मग मीच बोटं चोळायला लागले, तशा गप्प झाल्या. थोड्या वेळानं डोळे मिटूनच म्हणाल्या, “जरा हळू गं. सांध्यावर जोर न्हाई द्यायचा. मी सांगितलेलं इसरलीस व्हय?”

नाही मावशी, विसरले नाही. म्हणून तर लिहिलं.

लक्षात ठेवा

• मालिश करणारीची नखं कापलेली, हात साबणानं धुतलेले आणि अंगठ्या-बांगड्या काढलेल्या असाव्यात.

• एकच पाय सुजणं, लाल होणं, गरम लागणं, पोटरी दुखणं. किंवा अचानक धाप लागणं, छातीत दुखणं : मालिश नको, तातडीनं दवाखाना.

• सिझेरियन झालं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत पोट आणि टाके यांना हात लावू देऊ नका.

• गरोदरपणात पोट चोळून घेऊ नका.

• ताप असताना, अंगावर पुरळ किंवा जखम असताना मालिश टाळा. बाळाला दूध पाजल्यावर लगेच करू नका.

• बाळ रडून निळं-जांभळं पडत असेल तर हात थांबवा. मालिश बाळाला आवडली पाहिजे.

• बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच तेल लावा. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणं सगळ्यात महत्त्वाचं.

• आणि हो, मावशींचे ठरलेले पैसे वेळेवर द्या. साडी-चोळी हा मान आहे, मजुरी नव्हे.